लिबरल पक्ष संपला म्हणणाऱ्यांना उत्तर

सह्यकडा (सिडनी), १६ नोव्हेंबर २०२५

काल आपल्या गटावर एकांनी ठोकून दिलं की ऑस्ट्रेलियाचा लिबरल पक्ष संपला, त्याच्या नेत्या सुझन ली फार दिवस टिकत नाहीत आणि पुढची पंधरा वर्षं सत्ताधारी लेबर पक्षाला मरण नाही. खाली अंगठ्यांची रांग. राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मे २०२५ च्या निवडणुकीत लेबरला १५० पैकी ९४ जागा मिळाल्या, कोएलिशनला, म्हणजे लिबरल आणि नॅशनल्सच्या युतीला, ४३. मार जबर होता, कबूल. पण इथे मतपत्रिकेवर उमेदवारांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितात; त्यात लेबरची पहिल्या पसंतीची मतं किती? साडेचौतीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तिघांतल्या जवळजवळ दोघांनी लेबरपुढे १ लिहिलेला नाही. बाकीचं काम ग्रीन्सच्या आणि किरकोळ पक्षांच्या पसंतीक्रमांनी केलं. पद्धतच तशी आहे, तक्रार नाही. पण अशी मतं पुढच्या वेळी दुसरीकडे वळायला वेळ लागत नाही.

इतिहास काढून बघा. २०१३ मध्ये लेबर ५५ जागांवर आपटला होता. तीनच वर्षांत लेबरच्या शॉर्टननी ६९ केल्या आणि लिबरल पंतप्रधान टर्नबुल ७६ वर जेमतेम वाचले. त्याआधी डिसेंबर २००९ मध्ये लिबरल पक्षात अ‍ॅबट ४२ विरुद्ध ४१ अशा एका मताने नेते झाले. हा माणूस निवडून येण्यातला नाही, असं तेव्हा जो तो सांगत होता. २०१० ला ७२-७२ अशी बरोबरी, २०१३ ला पंतप्रधान. हॉवर्डना पक्षाने १९८९ मध्ये हटवलं, १९९५ मध्ये परत आणलं, १९९६ मध्ये ते जिंकले. सत्ता गेल्यावरचा पहिला विरोधी पक्षनेता पंतप्रधान होत नाही हेही खरं. स्नेडन, पीकॉक, बीझली, नेल्सन, शॉर्टन, डटन, एकही नाही. पण ली पहिल्या नाहीत, डटननंतरच्या आहेत. शॉर्टननंतर आलेले अल्बोच, म्हणजे पंतप्रधान अल्बनीजच, होते ना? जरा वेळ द्या त्यांना.

मेघना_टार्नीट

वेळ कुणाला द्यायचा? गुरुवारी नेट झिरो, म्हणजे कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं उद्दिष्ट, सोडून दिलं त्यांना? आधी नॅशनल्सनी सोडलं आणि दोन आठवड्यांच्या आत लिबरल मागून गेले. याला नेतृत्व म्हणायचं का?

अ‍ॅबटचं उदाहरण तर नकोच. तोच अ‍ॅबट २०१९ मध्ये स्वतःच्या वॉरिंगा मतदारसंघात अपक्ष उमेदवार झॅली स्टेगलकडून पडला, आणि प्रचाराचा मुख्य मुद्दा हवामानबदलच होता. आज अ‍ॅडलेड शहरात लिबरलांची एक जागा नाही. टास्मानियात एक नाही. आमच्या मेलबर्नमध्ये डीकन गेलं, पक्ष काढणाऱ्या मेन्झीजच्या नावाचा मतदारसंघही गेला. शहरांशिवाय बहुमताच्या ७६ जागा कुठून आणणार?

आणि बायकांची मतं का गेली ते मला विचारा. सरकारी नोकरांना पाचही दिवस ऑफिसात बोलावणार, असं डटनच्या पक्षाने जाहीर केलं आणि एप्रिलमध्ये मागे घेतलं. म्हणे फक्त सरकारी नोकरांपुरतं होतं. माझी नोकरी खाजगी, तरी आमच्या मॅनेजरने लगेच आठवड्याचे दिवस मोजायला सुरुवात केली. शाळेच्या गेटपाशी तीन वाजता उभ्या असलेल्या आयांमध्ये दुसरा विषय नव्हता. त्यातल्या निम्म्या आधी लिबरलला मत देणाऱ्या.

सह्यकडा

डटनची चूक लींच्या माथी का? बाई पक्षाच्या पहिल्या महिला नेत्या आहेत, अँगस टेलरना २९ विरुद्ध २५ ने हरवून निवडून आलेल्या. आठवडाभरात नॅशनल्स युती मोडून गेले, महिना संपायच्या आत परत आले. पक्षातले हेस्टी ऑक्टोबरमध्ये जबाबदारीच्या पदाचा राजीनामा देऊन मागच्या बाकावर गेले, टेलर नेतेपदावर टपलेलेच आहेत. एवढं सगळं अंगावर घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईचं मेघनाताईंनाच कौतुक वाटायला हवं होतं.

मेघना_टार्नीट

मी कुणाचं कौतुक करायचं ते मी ठरवीन.

आणि लिबरल सेनेटर जसिंटा प्राइसबद्दल इथे कुणी बोलणार आहे की नाही? ३१ ऑगस्टला स्थलांतराविरुद्ध मोर्चे निघाले, पत्रकांवर भारतीयांचं नाव घालून. ऐन गणपतीत. त्या रविवारी आमच्याकडे आरतीला येणाऱ्यांना आम्ही सांगत होतो की शहरातून ट्रेनने येऊ नका, आणि आलात तर झब्बा पिशवीत ठेवा, इथे येऊन घाला. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याने विचारलं, का? आणि त्याच आठवड्यात या प्राइसबाई एबीसी वाहिनीवर सांगतात की भारतीय लेबरला मत देतात म्हणून सरकार त्यांना मोठ्या संख्येने आणतंय.

सह्यकडा

लींनी भारतीय समाजाची जाहीर माफी मागितली. प्राइसना फ्रंट बेंचवरून, म्हणजे पक्षाच्या पुढच्या फळीतून, काढलं. आणखी काय हवं?

मेघना_टार्नीट

त्या बोलल्या म्हणून नाही काढलं! लींच्या नेतृत्वाला पाठिंबा आहे का, या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही म्हणून काढलं. मध्ये आठवडा गेला. आमचा अपमान आठवडाभर चालला, लींच्या खुर्चीचा एक दिवससुद्धा चालला नाही.

पर्थवासी

मेघना, हे पटलं. पण लेबर आपल्यासाठी काय करतो तेही बोलू या. इथे स्वान मतदारसंघात झनेटा मॅस्करेन्हस खासदार आहेत, गोव्याच्या मुळाच्या, लेबरच्या. २०२२ ला लिबरलांकडून जागा घेतली, आम्हाला अभिमान वाटला. पण आईवडिलांच्या व्हिसाचं काय झालं? १४३ चा, म्हणजे कायमच्या पालक व्हिसाचा, अर्ज करायचा, माणशी पन्नास हजार डॉलरच्या घरात फी आणि पुढे दशकभराहून जास्त थांबायचं. स्वस्तातला अर्ज केला तर खातंच सांगतं, तीस वर्षं. सत्तरीच्या माणसाला!

अवधूत_ब्रिस्बेन

अगदी. ८७० चा, म्हणजे तात्पुरत्या पालक व्हिसाचा, घोळ तर लिबरलांचाच. पाच वर्षांना दहा हजारांहून जास्त डॉलर, आणि एका घरातून एकाच बाजूचे आईवडील. माझे की बायकोचे, यावर आमच्या घरात दोन महिने अबोला होता. २०१९ ला शॉर्टन म्हणाले होते की चौथ्या हिश्श्यात देऊ आणि दोन्ही बाजूंचे आणू देऊ. हरले. त्यानंतर ते वचन कुठे गेलं?

काकडआरती

विषय लिबरल पक्षाच्या भवितव्याचा आहे, पण आता निघालंच आहे तर लिहितो. प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने, म्हणजे सरकारच्या आर्थिक सल्लागार संस्थेने, २०१६ मध्ये हिशोब मांडला होता. एका पालकामागे सरकारला आयुष्यभरात ३,३५,००० ते ४,१०,००० डॉलर खर्च येतो. मी इथे तीस वर्षं टॅक्स भरतोय. ज्यांनी या देशात एक दिवस काम केलं नाही त्यांच्या गुडघ्यांची ऑपरेशनं मेडिकेअरने, सरकारी आरोग्य योजनेने, का करायची? फी कमीच आहे, असं माझं स्पष्ट मत.

अवधूत_ब्रिस्बेन

तुमचे आईवडील कुठे आहेत, काका?

काकडआरती

वैयक्तिक होऊ नका. वारले. पुण्यात. मी वर्षातून दोनदा जात होतो आणि सरकारकडे काही मागितलं नाही.

पर्थवासी

काका, ज्याला वर्षातून दोनदा जाता येतं त्याने हिशोब सांगू नये. माझे वडील सांगलीत बाथरूममध्ये पडले. शेजाऱ्यांनी दार तोडलं. मला फोन आला तेव्हा मी कामावर, खाणीत, सहाशे किलोमीटर आत. विमानतळ गाठेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. माझी आई इथे व्हिजिटर व्हिसावर होती तेव्हा धाकटीला तिनेच सांभाळलं. पाळणाघराचे दिवसाला दीडशे डॉलर वाचले, बायको कामावर गेली, तिने टॅक्स भरला. कमिशनच्या आकड्यात हे धरलंय का?

काकडआरती

पाळणाघराचा मुद्दा ठीक आहे. तेवढा मान्य. बाकी आकडा जागचा हलत नाही.

सह्यकडा

अहो, धागा लिबरलांचा आहे! पण एका अर्थी तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध करताय. लेबरवर चिडलेले लोक इथे आहेत. विरोधी पक्षाने हाच विषय उचलायला हवा.

मेघना_टार्नीट

मग उचलत का नाहीत? स्थलांतर कमी करा, एवढंच बोलतायत. तुम्ही लिबरलांचे कार्यकर्ते ना? विचारलंत कधी?

सह्यकडा

विचारलं. स्पष्टच सांगतो, उत्तर मिळालं नाही.

मी प्री-पोलला, म्हणजे मुदतपूर्व मतदानाला, ईस्टवूडला लिबरलांचा निळा टी-शर्ट घालून उभा होतो. तिथला बेनेलाँग मतदारसंघ नव्या सीमांनुसार कागदावर आमचा होता. मतदान तोंडावर असताना आमच्याच पक्षाच्या जेन ह्यूम बाई टीव्हीवर म्हणाल्या की लेबरची पत्रकं वाटणाऱ्यांत चिनी हेर असतील. त्यानंतर ओळखीचे चिनी आजी-आजोबा, ज्यांच्याशी मी रोज बोलत होतो, माझ्या हातातलं प्रचाराचं कार्ड न घेता पुढे गेले. आजींनी नुसतं बघितलं. बेनेलाँग पडलं. शेजारचं ब्रॅडफील्ड २६ मतांनी गेलं. २६! पाच-सहा घरांशी नीट बोललो असतो तरी राहिलं असतं.

तेव्हा मेघनाताई, तुमचा शहरांचा मुद्दा बरोबर आहे. लींना पाडून टेलर आणले तर तो आणखी बरोबर ठरेल, म्हणूनच मी लींच्या मागे उभा आहे. पक्ष संपला, हे मात्र मी मानणार नाही. मेलबर्नचं गोल्डस्टीन आमच्या टिम विल्सननी टीलकडून, म्हणजे हवामानाच्या मुद्द्यावर लढणाऱ्या अपक्षांकडून, परत घेतलंच की.

मेघना_टार्नीट

दोनशेपेक्षा कमी मतांनी. अख्ख्या देशात ती एक जागा सांगावी लागते, यातच आलं. आणि नेट झिरो सोडल्यावर ती तरी राहते का बघा.

अवधूत_ब्रिस्बेन

मला दोघांचंही पटत नाही. लेबरला ९४ जागा दिल्या, आता करा म्हणावं दोन्ही बाजूंच्या आईवडिलांचं. विरोधी पक्ष भांडण्यात दंग, म्हणून यांना घाई नाही.

पर्थवासी

त्याला अनुमोदन. पुढची निवडणूक २०२८ ला. १४३ आणि ८७० वर जो पक्ष लेखी देईल त्याला माझं मत, निळा असो की लाल. काका, तुम्हालाही सही करायला सांगणार आहे त्या पत्रावर.

काकडआरती

मसुदा पाठवा. फीच्या कलमावर माझी हरकत नोंदवून वाचीन.