घोड्यावर बसायची भीती: तुमची गेली का, कशी गेली? (अनुभव धागा)

कंबरतलावकाठ

परवा विजापूर रोडला भाच्याची वरात होती. नवरदेवाच्या पुढ्यात बसवायला म्हणून माझ्या सहा वर्षांच्या नातीला कुणीतरी उचललं आणि तिनं जो टाहो फोडला! "अगं काही करत नाही घोडा, बस की" म्हणत चौघांनी धरून बसवायला बघितलं. मी तिला ओढून घेतलं. तिच्या हातांची माझ्या गळ्याला पडलेली ती मिठी, आणि मला एकदम १९७९ आठवलं.

मी अकरा वर्षांची. गड्ड्याची जत्रा, होम मैदान. तिथं पोरांना घोड्यावरून फेरी मारून आणायचे. मला बसवलं, पण तंग, म्हणजे खोगीर आवळायचा पोटाखालचा पट्टा, सैल होता. चार पावलं गेला असेल घोडा, आणि खोगीर फिरलं. मी सरळ पोटाखाली. एक पाय रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, अडकलेला. घोडा बिचारा जागेवर थांबला म्हणून निभावलं, पण गळ्याचं हाड मोडलं. नंतर टांगा दिसला तरी मी रस्ता बदलायची. त्या काळात सोलापुरात टांगा टाळायचा म्हणजे घरीच बसायचं!

आमच्या वाड्याच्या मागं एक टांगेवाले चाचा राहायचे. ते मला कधीच "बस" म्हणाले नाहीत. प्लास्टर निघाल्यावर म्हणाले, गाजर आणून दे फक्त. तेही माझ्या हातात नाही, बादलीत टाकायचं. आठवड्यानं तळहात सपाट ठेवून द्यायला शिकवलं, बोटं आत घ्यायची नाहीत. मग खरारा करायला, म्हणजे ब्रशनं अंग घासायला दिलं. राणी नाव होतं घोडीचं. खरारा करताना ती खालचा ओठ सैल सोडायची, डोळे अर्धे मिटायची. एवढं मोठं जनावर माझ्या हाताखाली पेंगतंय, हे मला फार मोठं वाटलं होतं.

दोनेक महिन्यांनी मीच म्हणाले, बसू का? चाचांनी तंग माझ्यासमोर आवळला, चार पावलं चालवून पुन्हा आवळला. बसल्यावर मी दगड झाले. ते म्हणाले, "बेटी, दम छोड. पाढे बोल, जोर से." मी बे एके बे पासून सुरू केलं. तेराच्या पाढ्याला येईपर्यंत वाड्याला तीन फेऱ्या झाल्या होत्या. मोठ्यानं बोलायचं तर श्वास सोडावाच लागतो, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

चाचा आता नाहीत. परवा रात्रभर त्यांची आठवण येत राहिली. तुमचं काय झालं ते लिहा. पडलेलं, बसलेलं, न बसलेलं, सगळं चालेल.

शेंगाचटणी

पाढ्यांचं वाचून डोळ्यात पाणी आलं ओ ताई. कुठला वाडा?

आम्ही स्टेशनवरून नवी पेठेत टांग्यानंच यायचो. पुढं टांगेवाल्याशेजारी बसायला भावाभावांत भांडणं. ओल्या गवताचा आणि लिदीचा तो वास, आणि डांबरी रस्त्यावर नालांचा आवाज. माझ्या पोरांनी तो आवाज ऐकलेलाच नाही.

कंबरतलावकाठ

@शेंगाचटणी बाळीवेशीत. वाडा आता पाडला, तिथं अपार्टमेंट आहे.

शेंगाचटणी

बाळीवेस! माझं आजोळ तिथलंच. म्हणजे आपण गल्लीवालेच निघालो की.

जनावरांचा_डॉक्टर

चाचांनी केलं ते अगदी शास्त्रशुद्ध होतं, एवढं सांगायला आलो. तंग दोनदा आवळणं तर फारच महत्त्वाचं. पुष्कळ घोडे पहिल्यांदा तंग आवळताना पोट फुगवून धरतात. चार पावलं चालले की श्वास सोडतात आणि तंग ढिला होतो. ताई, तुमच्या अपघाताचं कारण बहुतेक हेच असणार.

माझा अनुभव. पशुवैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षाला घोड्याच्या मागून गेलो, न बोलता. मांडीवर लाथ बसली, तीन आठवडे लंगडत होतो. त्यानंतर परीक्षेलासुद्धा घोड्याजवळ जाताना हात कापायचे. भीती गेली ती माहितीनं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. जवळपास साडेतीनशे अंशांतलं त्याला दिसतं, पण शेपटीच्या बरोबर मागचं आणि कपाळाच्या अगदी पुढ्यातलं दिसत नाही. मी नेमका त्या आंधळ्या जागेतून गेलो होतो. तो चिडला नव्हता, दचकला होता. पळून जीव वाचवणारं जनावर आहे ते. तेव्हापासून खांद्याच्या बाजूनं जायचं, आधी आवाज द्यायचा, मागून जायचंच असेल तर पाठीवर हात ठेवून, बोलत बोलत जायचं. कान बघायचे. कान मागं चपटे पाडले की लांब राहायचं. सैल, इकडंतिकडं फिरणारे कान असले की चिंता नाही.

आणि एक. घाबरलेला माणूस दोन गोष्टी करतो: पाय आवळतो आणि लगाम खेचतो. पाय आवळले म्हणजे घोड्याला "चल" आणि लगाम खेचला म्हणजे "थांब". माशी बसली तरी कातडी थरथरवणारं जनावर, त्याला दोन्ही एकदम सांगितलं तर ते गोंधळणारच. मग आपण म्हणतो घोडा वाईट.

मंगळवेढेकर८४

माझं लग्न २०११ ला. आमच्यात नवरदेव घोड्यावरच. मला लहानपणापासून भीती, पण वडलांपुढं बोलायची सोय नव्हती. बसलो. डीजेची गाडी अगदी पुढ्यात, फटाक्यांची माळ लागली. मांडीखाली काहीतरी थरथरायलंय असं वाटलं. आधी वाटलं मीच कापतोय. मग कळलं, घोडी कापायलीय. मानेवर हात ठेवला तर घामानं निथळत होती. त्या क्षणी माझी भीती कुठं गेली कुणास ठाऊक. मी डीजे बंद करायला लावला. पोरं नाराज, काका चिडले, दहा मिनिटं नुसती कालवाकालव. शेवटी मी उतरलो आणि लगाम धरलेल्या पोराबरोबर चालत मांडवात गेलो. घोडी माझ्या खांद्याला तोंड लावून शेजारी चालत होती.

वडील दोन दिवस बोलले नाहीत. पण धाकट्या भावाच्या लग्नाला त्यांनीच सांगितलं, सनई लावा, फटाके नकोत.

कंबरतलावकाठ

@मंगळवेढेकर८४ फार फार चांगलं केलंत दादा. तुमच्या वडलांना माझा नमस्कार सांगा.

नीलांबरी_अक्कलकोट

भाकरी तव्यावर आहे, पटकन लिहिते. माथेरानला गाड्या नेत नाहीत म्हणून घोडा केला. घोडेवाला सोबत चालत होता, तरी मी पूर्ण वेळ डोळे मिटून. मिस्टर म्हणाले उघड, दरी बघ. दरी आहे म्हणूनच तर मिटलेत! परत येताना चालत आले. पुढच्या वेळी पाढे म्हणून बघते.

शेंगाचटणी

भाकरी कडक करायलीस की मऊ?

नीलांबरी_अक्कलकोट

@शेंगाचटणी कडकच. गाणगापूरला जायचंय उद्या, बरोबर न्यायला.

सावळेश्वरची_सून

माझी भीती गेली नाही, तरी लिहिते.

२०१८ ला सासऱ्यांना घेऊन केदारनाथ केलं. गौरीकुंडापासून सोळा किलोमीटर चढ. सासरे पंचाहत्तरीचे, त्यांना चालवेना, म्हणून दोन खेचरं केली. खेचरं दरीच्या कडेकडेनंच चालतात, डोंगराच्या बाजूला या म्हटलं तरी येत नाहीत. खेचरवाल्यानं एकच शिकवलं: चढाला पुढं झुका, उताराला मागं. मी चढताना सगळा वेळ सासऱ्यांच्या पाठीकडं बघत होते. ते निवांत होते. जन्मभर बैलगाडी हाकलेला माणूस. मागं वळून म्हणाले, "त्याला त्याचा पाय कळतोय, तू कशाला मोजतीस?"

दर्शन झालं. उतरताना मात्र मी बसलेच नाही. सोळा किलोमीटर त्यांच्या खेचराशेजारून चालत उतरले. गुडघे सुजले. सासरे मागच्या वर्षी गेले. आता वाटतं, बरं झालं चालले. तेवढा वेळ त्यांच्याशी बोलणं झालं.

मनाली_हत्तुरे_वस्ती

@सावळेश्वरची_सून 🙏 वहिनी, काय लिहू कळेना.

माळशिरसचा_वारकरी

घोड्यावर कधी बसलो नाही, पण भीतीचं सांगतो. आमच्या भागात माउलींच्या पालखीचं गोल रिंगण होतं, सदाशिवनगरला, पुढं खुडूसला. सात-आठ वर्षांचा असताना आजोबांनी मला पुढच्या रांगेत बसवलेलं. दोन अश्व असतात. एकावर स्वार, हातात जरीपटका. दुसरा माउलींचा, त्यावर कुणी बसत नाही. अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व येतात. आधी टाळ-मृदंग, मग एकदम सगळं थांबल्यासारखं, आणि घोडे सुटतात. हाताच्या अंतरावरून गेले. जमीन हादरली, मातीचा लोट तोंडावर. मी आजोबांच्या धोतरात तोंड खुपसून रडलो.

रिंगण संपल्यावर लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावले. आजोबांनी चिमूटभर माझ्याही कपाळाला लावली. म्हणाले, ज्याला भ्यालास त्याचीच माती आहे ही. पुढच्या वर्षी मी स्वतः पुढं जाऊन बसलो. अजून बसतो. छाती अजूनही धडधडते, पण ती धडधड मला हवी असते.

शेंगाचटणी

माउली माउली 🙏🙏 काटा आला अंगावर.

अडतिसाव्या_वर्षी

मी मूळची जुळे सोलापूरची, नोकरी पुण्यात. अडतीसची असताना शिकायला लागले. लहानपणी बैलाच्या शिंगानं हवेत उडवलं होतं, तेव्हापासून मोठ्या जनावराची धास्ती.

पहिल्या ठिकाणचे मास्तर ओरडायचे. "घाबरू नका!" हेही ओरडूनच. तीन क्लास करून सोडलं, घरी येऊन रडले. वर्षभरानं दुसरीकडं गेले. तिथल्या बाईंनी महिनाभर लगामच हातात दिला नाही. लांब दोरीवर घोडा गोल फिरवायच्या आणि मी नुसती वर. दोन्ही हात पंख्यासारखे बाजूला, कधी डोळे मिटून सांगायचं आत्ता कुठला पाय उचलला. तोल हातात नसतो, बैठकीत असतो, हे तिथं शरीराला कळलं.

दुडकी चालीनं माझा घाम काढला. घोडा समोरासमोरच्या कोनातले दोन-दोन पाय एकदम टाकतो, त्यामुळं वरचा माणूस नुसता आदळतो. एका तालाला उठायचं, दुसऱ्याला बसायचं. तो ताल मला सहा आठवडे सापडेना. एके सकाळी लेझीमचा ठेका मनात धरला आणि सापडला! शाळेत पंधरा ऑगस्टला आम्ही लेझीम खेळायचो, तोच. मी मोठ्यानं हसायला लागले, बाईंना कळेना काय झालं.

त्यापुढची कँटर, म्हणजे दुडकीहून वेगाची चाल, पाळण्यासारखी असते. दुडकीपेक्षा सोपी. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर इतकी भ्याले नसते.

दोनदा पडले. दुसऱ्यांदा कुत्रं आडवं आलं, घोडा उधळला. दोन्ही हातांनी लगाम खेचत राहिले, काही उपयोग नाही. आता शिकलेय: मागं रेलायचं, श्वास सोडायचा, एकाच बाजूचा लगाम हळूहळू ओढून घोड्याला गोलात घ्यायचं. गोल लहान होत गेला की वेग आपोआप उतरतो. हे आधी घोडा हळू चालत असताना शंभर वेळा करून ठेवायचं, म्हणजे वेळेला हात आपसूक करतात.

जनावरांचा_डॉक्टर

@अडतिसाव्या_वर्षी लेझीमचा ठेका! पुढच्या विद्यार्थ्यांना हेच सांगणार.

होटगीरोड_पप्पा

मुलगा नऊ वर्षांचा, मागं लागलाय शिकायचंय म्हणून. भीती त्याला नाही, मला आहे. सायकलचं हेल्मेट चालेल का? बूट?

अडतिसाव्या_वर्षी

सायकलचं नको. घोडेस्वारीचं वेगळं मिळतं, हनुवटीखाली पट्टा घट्ट. बुटाला थोडी टाच हवी, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जात नाही. सपाट तळाचे कॅनव्हास नकोत. रिकिबीत पुढचा चवडा ठेवायचा, टाच खाली. उन्हाळ्यात सोलापुरात सकाळी सहालाच, नऊनंतर घोड्याचेही हाल आणि लेकराचेही.

जनावरांचा_डॉक्टर

आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं आहे ना ते बघा. तबेल्यात खरचटलं तर दुर्लक्ष नको.

होटगीरोड_पप्पा

आभारी आहे दोघांचा. बायकोला वाचून दाखवतो.

लुनावाली_काकू

विषय सोडून होईल, पण मला लुनाची अशीच भीती होती! सात रस्त्याला एकदा पडले, मग चार वर्षं हात लावला नाही. धाकट्या दिरानं किल्ली न लावता नुसती ढकलत न्यायला लावली आठ दिवस. चाचांच्या बादलीसारखंच की हे.

अकलूजकडचा

दिवाळीत आमच्याकडं घोडेबाजार भरतो, भीती घालवायची तर एकदा येऊन नुसतं हिंडा. मारवाडी घोड्यांचे कान बघा, टोकं आत वळून एकमेकांना टेकतात. भीमथडीची तट्टंही बघा, बुटकी, काटक. भीमेकाठचे धनगर पिढ्यानपिढ्या बिऱ्हाड लादून त्यांच्यासंगं फिरतात. तीन-चार वर्षांची पोरं त्यांच्या पाठीवर झोपलेली दिसतात. मला घोड्याची भीती म्हणजे काय ते माहीतच नव्हतं, हा धागा वाचून कळलं. आता कुणी पाहुणा घाबरला तर "काही करत नाही" म्हणणार नाही.

कंबरतलावकाठ

दोन दिवस सगळ्यांचं वाचतेय. @अकलूजकडचा तुमचं शेवटचं वाक्य नातीच्या बापाला वाचून दाखवलं.

आज सकाळी वरातीच्या घोडीवाल्याला फोन करून तिला तबेल्यात घेऊन गेले होते. कुणाला सांगितलं नाही, घरातून चार माणसं आली असती तर परत तेच. घोडी गवत खात होती. नात दारातच थांबली, आत आली नाही. पाच-सात मिनिटं बघत उभी राहिली. मग विचारलं, "आजी, हिला झोपायला गादी कुठंय?" मी सांगितलं, घोडे उभ्यानंपण झोपतात. तिला ते अजिबात पटलं नाही. घोडीवाल्याला विचारून खात्री करून घेतली. गाजर लांबूनच बादलीत टाकलं. नेम चुकला, परत उचलून टाकलं.

उद्या परत जायचं म्हणतेय.

शेंगाचटणी

ताई, गाजर आता महाग झालंय. गूळ चालतो का ओ घोड्याला?

जनावरांचा_डॉक्टर

चालतो, पण सुपारीएवढाच. आणि मालकाला विचारून.