पोरीसाठी हलकी एअर रायफल कुठली घ्यावी?

रंकाळाकर: पोरगी ११ वर्षांची, २०२४ च्या ऑलिम्पिकला आपल्या स्वप्निल कुसाळेचं नेमबाजीतलं ब्राँझ बघितल्यापासनं रायफल पायजे म्हणून डोकं खातीय, दुकानात नळी मोडून लोड करायची दाखवली तर दोन्ही हातांनी पण वाकंना, दुसरं काय हाय का?

तांबडा_पांढरा: भावा ती स्प्रिंगवाली, दर छर्र्याला ताकद लागती वर झटका पण देती. पीसीपी बघ, सिलिंडरात हवा भरलेली असती, लोड करताना जोर लागत नाही. महाग हाय पण. १० मीटरच्या नेमबाजीला ०.१७७ इंची छर्र्याचीच चालती.

जुना_नेमबाज: घाई कशाला, आधी क्लबच्या रायफलीवर स्टँडला टेकवून शिकू दे की. आणि खेळणं नव्हं ते, डोळा जाईल, कुलपात ठेवा.

रंकाळाकर: बरं झालं इचारलं, बाईसाहेबांनी गच्चीत डबे पण मांडून ठेवलेत 😄