सर्दी-फ्लूवर सीबीडी तेल (भांगेच्या झाडातल्या, नशा न आणणाऱ्या घटकाचं) घेतलंय का कुणी?

इथे अमेरिकेत न्यू जर्सीत थंडी सुरू झाली आणि घरात सगळेच शिंकतायत, नाक चोंदलेलं, अंग ठणकतंय. ऑफिसातली एक मैत्रीण म्हणते सीबीडीच्या गमीज (चघळायच्या गोळ्या) खा, मस्त झोप लागते. इथे दुकानात सर्रास मिळतात म्हणून विचारतेय. सासूबाई वॉरफरिन (रक्त पातळ करायची गोळी) घेतात, त्यांना चालेल का?

खवचट_काका: सासूबाईंना अजिबात देऊ नका! सीबीडीमुळे लिव्हरमधली औषधं पचवणारी एन्झाइम्स मंदावतात, मग वॉरफरिन रक्तात वाढतं आणि रक्तस्रावाची भीती.

आले_गवतीचहा: दुकानात मिळतं म्हणजे औषध झालं असं नाही हो. २०१८च्या फार्म बिलाने (अमेरिकेचा शेती कायदा) हेम्प, म्हणजे नशा न आणणारी भांगेची जात, कायदेशीर झालं, पण एफडीएची (अमेरिकेतली औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था) मान्यता सीबीडीच्या औषधांपैकी फक्त एपिडिओलेक्सला, ती पण फिट्सच्या काही आजारांसाठी, सर्दीसाठी नाही. फ्लू वाटत असेल तर टेस्ट करा, टॅमिफ्लू (फ्लूवरचं औषध) पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी.

खवचट_काका: आणि रात्रीचं कफ सिरप घेऊन वर गमी नको, दोन्हींनी गुंगी येते.

प्रश्नकर्ती: बापरे, बरं झालं विचारलं. सध्या वाफ आणि मिठाच्या गुळण्याच.