मदत हवी आहे: खेळातला दुष्काळ खरा कसा वाटेल?

नमस्कार मंडळी. नाशिकला आमचा रविवारचा गट डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन कथा रंगवायच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो, खेळ मी चालवतो. पुढची कथा काल्पनिक राज्यातल्या दुष्काळाची आहे, सोबत आपल्या रामशेजसारखा वेढ्यात अडकलेला गड.

अडचण जादूची आहे. 'गुडबेरी' मंत्रातून दहा बोरं मिळतात आणि एका बोरावर एका माणसाचा दिवस निघतो. वरच्या पातळीचा अन्नपाण्याचा मंत्र तर एका वेळी पंधरा जणांना जगवतो. म्हणजे खेळाडू उपाशी राहणारच नाहीत. मंत्रांवर बंदी मला पटत नाही, ज्याने ड्रुइड (निसर्गाची जादू करणारं पात्र) घेतलाय त्याच्यावर तो अन्याय होईल. पंधरांचं जेवण आणि दारात हजार माणसं, हा पेच मला हवाय.

१८७६-७८ च्या दुष्काळात लाखो माणसं मेली, तरी देशातून धान्य बाहेर जात होतं. साठेबाज, चढे भाव, बियाणं खायचं की राखायचं, हे सगळं खेळात यावं असं मनापासून वाटतं.

कोठार आणि भाव यांचा हिशेब ठेवायची सोपी पद्धत कोणी वापरली आहे का? फार आकडेमोड झाली की खेळ रेंगाळतो. शिवाय काहींच्या घरी बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी आहेत. सुरुवातीलाच त्यांच्याशी काय बोलून घ्यावं?