झाडांखालचे लॉन टिकत नाही. किंजळ तोडावेत का?

परसदार: रत्नागिरी तालुक्यात आमच्या घरामागे सुमारे 10 गुंठ्यांचे उताराचे परस असून त्यात जुने रायवळ आंबे, दोन फणस आणि काही ऐन-किंजळ आहेत. तेथे लावलेल्या लॉनवर पावसाळ्यात शेवाळ धरते आणि उरलेसुरले गवत मार्चपर्यंत वाळून जाते. दोन किंजळ तोडून ऊन आणावे आणि बाकी जागेत पेव्हर बसवावेत, असे माळ्याने सुचवले आहे. आपले मत काय?

जांभादगड: किंजळ आणि ऐन हे दोन्ही वृक्ष 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे स्वतःच्या जागेतही परवानगीशिवाय ते तोडता येत नाहीत. पण मुळात तोडायचे कशासाठी? चूक लॉनची आहे, झाडांची नव्हे. आपल्याकडे कातळ वर असल्याने मुळे उथळ पसरतात. पेव्हरसाठी खणताना ती तुटतात आणि वर सिमेंट पडले की पाणी व हवा दोन्ही बंद होतात. पायवाट हवीच असेल तर जांभ्याचे चिरे न खणता, मातीवरच, उताराला आडवे मांडावेत. खोडाभोवती भर मात्र घालू नये; बुंधा सतत ओला राहून कुजतो.

पेवफूल: लॉनच्या जागी पातेरा (गळलेला पाचोळा) तसाच राहू द्यावा आणि त्यात पेव, रानहळद, सुरण लावावेत. हे कंद पहिल्या पावसात उगवतात आणि हिवाळ्यात जमिनीखाली जातात, म्हणून उन्हाळ्यात शिंपण्याची कटकट नाही. फणसाच्या खरखरीत खोडावर उत्तरेच्या बाजूने मिरीचा वेल चढवावा. (आमच्या घरी त्यानंतर मिरी विकत आणलेली नाही.)

जांभादगड: पातेऱ्याविषयी थोडी दुरुस्ती करतो. रत्नागिरीत फुरसे हा विषारी साप विपुल आहे आणि तो दगडांच्या सांदीत, पाचोळ्यात दडते. म्हणून घरापासून निदान पंधरा फूट अंगण झाडून स्वच्छ ठेवावे, चिऱ्यांच्या फटी मातीने बुजवाव्यात आणि रात्री बॅटरीशिवाय परसात उतरू नये. त्यापलीकडे पाचोळा खुशाल साठू द्यावा.

परसदार: पेव्हरचे काम आजच थांबवले. पेवाचे कंद मे महिन्याच्या अखेरीस लावले तर चालतील का?

पेवफूल: चालतील, मात्र पागोळ्यांखाली लावू नका, तेथे माती वाहून कंद उघडे पडतात.