ठाण्यात भाड्यानं राहा, पण घोडबंदरला घर घेऊन 'ठाण्यात राहतो' म्हणू नका

पाचपाखाडीचा_भाडेकरू

शीर्षक मुद्दाम खवचट ठेवलंय, म्हणजे मंडळी येतील. पण म्हणणं मनापासूनचं आहे.

नऊ वर्षं पाचपाखाडीत एकाच घरात भाड्यानं राहतोय. टू बीएचके, दुसरा मजला, लिफ्ट नाही, भाडं ३४ हजार. आई मागे लागलीय की आता बास झालं. "नऊ वर्षं दुसऱ्याच्या घशात घातलेस, तेवढ्यात स्वतःच्या चार भिंती झाल्या असत्या," हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. माझं बजेट एक कोटी वीस लाख. एवढ्यात इथे शेजारीच नौपाड्यात मला जे दाखवलं ते असं: जुना वन बीएचके, तिसरा मजला, आणि सोसायटीत रीडेव्हलपमेंटवरून दोन तट पडलेले, एकमेकांशी बोलणं बंद. तेवढ्याच पैशात घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे बाविसाव्या मजल्यावर टू बीएचके, पोहायचा तलाव, जिम, लॉबीत खोटं झाड. (सॅम्पल फ्लॅटमधला पलंग एकदा टेपनं मोजा. मी मोजला. माझे पाय बाहेर राहतील.)

तर मुद्दा असा, की ठाणे म्हणून नक्की काय विकत घ्यायचं? सात वाजता बायकोचा फोन येतो, गडकरी रंगायतनला साडेआठच्या नाटकाची दोन तिकिटं मिळतायत, येतोस का. आणि मी चालत पोचतो. लेक शनिवारी मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन पुस्तक बदलून आणते. ते १८९३ पासून आहे, तिच्या पणजोबांच्याही आधीचं. पाडव्याची शोभायात्रा, रात्री जेवण झाल्यावर मासुंदा तलावाला चक्कर, कोपिनेश्वराचा घंटानाद, पायी स्टेशन. हे सगळं माझ्या ३४ हजारांत येतं. जाहिरातीत याच तलावाचा फोटो छापतात आणि घर दाखवायला नेतात गायमुखच्या दिशेला. १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्यात थांबली. घोडबंदरला ती अजून पोचायचीय.

आनंदनगर_नाका

आला, नौपाड्याचा उंबरठा आला. आम्ही काय गुजरातेत राहतो का? महापालिकेचा मालमत्ता कर भरतो, त्याच महापालिकेच्या निवडणुकीत मतदान करतो.

तुमचं नाटक-पुस्तक सगळं गोड आहे. आता माझं ऐका. आम्ही डोंबिवलीला चौथ्या मजल्यावर राहायचो, लिफ्ट नव्हती. वडिलांचे गुडघे गेले आणि ते दोन वर्षं इमारतीच्या खाली उतरले नाहीत. दूधवाला, केस कापणारा, डॉक्टर, सगळे वर यायचे. इथे राहायला आलो त्या दिवशी सामान लावायचं सोडून ते तीन वेळा लिफ्टनं खाली जाऊन आले. काही काम नव्हतं. नुसते जाऊन आले. आज खाली त्यांचा कट्टा आहे, येऊरच्या डोंगराकडे तोंड करून बसतात आणि सगळ्या पक्षांना सारख्याच शिव्या घालतात. तुमच्या त्या नौपाड्यात त्यांना खिडकीतून शोभायात्रा बघावी लागली असती.

तलावपाळीवाली

धागाकर्त्याशी शंभर टक्के सहमत. माझी मैत्रीण ओवळ्याला राहायला गेली. आधी आठवड्याला भेटायचो, आता दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर भेटतो, तेही गर्दीत चुकलो नाही तर.

हिशेबनीस

भावना बाजूला ठेवा, आकडे घ्या. बांधकाम चालू असलेला १ कोटी २० लाखांचा फ्लॅट धरतो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ७५ लाखांवरच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं, म्हणजे इथे ९० लाख. उरलेले ३० लाख खिशातले. ठाण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ८ लाख ४० हजार. नोंदणी ३० हजार. जीएसटी ५ टक्के, म्हणजे ६ लाख. झाले ४४ लाख ७० हजार, आणि अजून पंखा लागलेला नाही. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला तयार फ्लॅट घेतलात तर जीएसटी लागत नाही, ६ लाख तिथेच वाचले. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत; शेजारी तुमचं नाव जोडलंत की सवलत गेली.

आता हप्ता. ९० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं: महिना साधारण ७८ हजार १००. त्यात पहिल्या महिन्याचं व्याजच ६३ हजार ७५०. आईला सांगा, घराचं भाडं ३४ हजार आणि बँकेच्या पैशाचं भाडं ६३ हजार. घसा दोन्हीकडे दुसऱ्याचाच, आणि बँकेचा जास्त मोठा. २० वर्षांत एकूण १ कोटी ८७ लाख फेडाल, त्यातले ९७ लाख व्याज.

साबुदाणावडा

@हिशेबनीस, एक टक्क्याच्या ओळीचा स्क्रीनशॉट नवऱ्याला पाठवलाय. ब्ल्यू टिक आली, उत्तर नाही.

बाकी तुमच्या हिशेबात भाडं २० वर्षं ३४ हजारच राहणार का? आमचं दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढतं, करारातच लिहिलेलं असतं.

आणि धागाकर्ते, एकाच घरात नऊ वर्षं म्हणजे तुमचा मालक अमेरिकेत असणार. आम्हाला सात वर्षांत चार घरं झाली. एकाच्या मुलाचं लग्न ठरलं, एकानं विकायला काढलं, एकीनं नुसतंच "आम्हाला हवंय" म्हणून सांगितलं. दर वेळी दलालाला एक महिन्याचं भाडं, टेम्पो, पोलिसात नोंद, गॅसचा पत्ता, आणि जुन्या मालकाकडून डिपॉझिट सोडवताना भिंतीवरच्या खिळ्यांची मोजणी. मुलानं मागच्या वर्षी शाळेत 'माझे घर' निबंध लिहिला तर विचारतो, कुठलं लिहू? तुमचं नाटक पंधरा मिनिटांवर आहे याचा आनंद आहे, पण अकरा महिन्यांच्या करारावर मला कुंडीत कढीपत्तासुद्धा लावावासा वाटत नाही.

पाचपाखाडीचा_भाडेकरू

न्यू जर्सी. कसं ओळखलंत?

निबंधाचं वाचून जरा गप्प झालो, खरंच. पण म्हणून ९० लाखांचं कर्ज काढून जिथे राहायचं नाही तिथे राहायला जायचं? माझा प्रश्न विकत घेण्याबद्दल नाहीच, कुठे घेण्याबद्दल आहे.

हिशेबनीस

वडेबाई, बरोबर पकडलंत. ५ टक्के वाढ धरली तर ३४ हजारांचं भाडं सतरा वर्षांनी ७८ हजारांच्या घरात जातं, म्हणजे हप्त्याला गाठतं. वीस वर्षांनी ९० हजार. पण तोवर दर महिन्याला वाचलेला फरक, सुरुवातीला ४४ हजार, गुंतवला तर...

आनंदनगर_नाका

तर! ह्या 'तर'वर अख्खी चाळ उभी राहील. कोण गुंतवतं हो? पहिल्या वर्षी गुंतवतात, दुसऱ्या वर्षी गाडी घेतात. हप्ता बँक कापून घेते म्हणून तो जातो. बिनशिस्तीच्या माणसाला कर्जाइतका चांगला मास्तर नाही. स्वानुभव.

टीएमटीचा_पास

वाघबीळला सहा वर्षं राहतोय, स्वतःच्या घरात. दोन्ही बाजूंना टोचणारं लिहितो.

आनंदनगरवाले, लिफ्टचं लिहिलंत तसं टँकरचंही लिहा ना. आमच्या सोसायटीत एप्रिल-मेमध्ये मेंटेनन्सच्या बिलात टँकरची वेगळी ओळ येते, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी 'सुप्रभात'च्या आधी 'पाणी आलं का' येतं. भातसा धरणाचं पाणी मुंबईला जातं ते मोठ्या नळांतून ठाण्याच्या कुशीतून जातं, आणि ठाणे महापालिकेकडे आजही स्वतःचं धरण नाही. त्यात रस्ता: बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर, मेट्रोचे खांब आणि आपण, सगळे एकाच पट्टीवर. मेट्रो ४ वडाळ्याहून कासारवडवलीपर्यंत आणि ४अ पुढे गायमुखपर्यंत, हे मी घर घेताना माहितीपत्रकात वाचलं होतं. 'मेट्रोपासून दोन मिनिटं.' खांबापासून दोन मिनिटं म्हणायला हवं होतं. बोरिवलीला जाणाऱ्या जुळ्या बोगद्याचंही तेच. डोंगराखालून, जोडरस्ते धरून सुमारे बारा किलोमीटर, होईल तेव्हा फारच सोय होईल, पण दलाल त्याचे पैसे आजच घेतोय.

आणि ताबा तीन वर्षं उशिरा मिळाला. तीन वर्षं भाडंही भरलं आणि कर्जाचं व्याजही. म्हणून घेणार असाल तर महारेराच्या (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) संकेतस्थळावर प्रकल्पाची तारीख किती वेळा पुढे ढकललीय ते आधी बघा, मग सॅम्पल फ्लॅटचा पलंग मोजा. कार्पेट एरिया, म्हणजे घरातली वापरायची जागा, विचारताना लक्षात ठेवा, रेराच्या व्याख्येत आतल्या भिंतींची जाडी धरलेली असते, बाल्कनी नसते.

एवढं सगळं असूनही विकेन का? नाही. बायको म्हणते, पावसाळ्यात सकाळी खिडकीतून ढग आत येतो. खोटं नाही ते.

सानपाडा_पाम

ठाणेकर भांडतायत ते बघायला मजा येते. नवी मुंबईला या. सिडको १९७० पासून आखून शहर वसवतेय. फुटपाथवर खरंच चालता येतं. पाण्याचं म्हणाल तर मोरबे धरण आमच्या महापालिकेच्या मालकीचं. ट्रान्स हार्बर लोकलनं ठाणे गाठता येतं, नाटकाला वाशीत विष्णुदास भावे आहे, अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, आता विमानतळही आलाय.

तलावपाळीवाली

आणि रविवारी संध्याकाळी तिथल्या सेक्टरात कुत्रंही दिसत नाही.

सानपाडा_पाम

दिसतं. साखळीला बांधलेलं, रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालणारं.

गोखलेरोड_जुना

मी ७१ वर्षांचा, जन्मापासून नौपाड्यात, स्वतःच्या घरात. म्हणून थोडं अधिकारानं बोलतो.

सानपाड्याच्या चिरंजीवांनी हेही सांगावं की सिडकोच्या भूखंडांवरची जमीन मुळात भाडेपट्ट्याची, आणि घर विकताना बहुतेक ठिकाणी सिडकोचा ना-हरकत दाखला आणि हस्तांतर शुल्क आलंच. वाईट नाही, पण घेणाऱ्याला आधी माहीत हवं.

आता पाचपाखाडीकर, तुम्हाला. तुम्ही ज्या ठाण्याचं वर्णन करता ते मला आवडलं, पण त्यात मी राहत नाही. माझ्या गल्लीत दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकानं राम मारुती रोडपर्यंत मागे जावं लागतं. आमची इमारत १९७४ ची. बिल्डरनं जागा कधीच सोसायटीच्या नावावर करून दिली नाही. ते मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरशिवायच जागा सोसायटीच्या नावावर, करून घेण्यात आमची अकरा वर्षं आणि दोन सेक्रेटरी गेले. (एक खरंच गेले, दुसरे पुण्याला.) गडकरीला मी शेवटचा कधी गेलो आठवत नाही, कारण रात्री परत येताना दोन जिने चढायचे असतात. तुम्ही नऊ वर्षांत इथलं जेवढं उपभोगलंत तेवढं मी वीस वर्षांत नाही. आणि एक खरं सांगू? घोडबंदरला जी माणसं राहायला गेली ती बहुतेक आमचीच मुलं आहेत. इथे दोन भावांत एक खोली, जाणार कुठे? माझा धाकटा मानपाड्याला आहे. तो ठाण्यात राहत नाही असं त्याच्या आईसमोर म्हणून दाखवा.

पाचपाखाडीचा_भाडेकरू

काका, शीर्षक मागे घेता येत नाही, नाहीतर घेतलं असतं. अर्धं तरी.

आनंदनगर_नाका

मागे घेऊ नका, तपासा. लोक घर रविवारी दुपारी बघायला येतात, तेव्हा आमचा रस्ता म्हणजे नुसतं लोणी. येत्या सोमवारी सकाळी आठला माझ्याकडे या. चहा घेऊ आणि माझ्या रोजच्या बसनं स्टेशनला जाऊ. जे होईल ते इथे लिहा.

पाचपाखाडीचा_भाडेकरू

*(सोमवार, रात्री)*

गेलो होतो. खरंखुरं लिहितो.

८:०७ ला आनंदनगरहून टीएमटीची बस मिळाली, उभ्यानं. स्टेशनला ९:०४. सत्तावन्न मिनिटं. शीर्षकाच्या बाजूनं एक गुण. पण कापूरबावडीपर्यंत बस रडतखडत का होईना चालत होती; खोपटपासून स्टेशनपर्यंत जी थांबली ती थांबलीच. वीस मिनिटं तिथेच. म्हणजे सगळ्यात वाईट कोंडी माझ्याच लाडक्या ठाण्यात, माझ्याच घराच्या जवळ. मी रोज चालत जातो म्हणून मला ती कधी दिसलीच नव्हती.

संध्याकाळी आईला घेऊन तो बाविसाव्या मजल्यावरचा फ्लॅट परत बघितला. आनंदनगरवाल्यांचे वडील खाली कट्ट्यावर भेटले, आईला म्हणाले, "वर जाऊन या, खाली यायला कंटाळा येत नाही इथे." आई वर गेली, गॅलरीतून डोंगर बघितला, बराच वेळ काही बोलली नाही. मग विक्रीवाल्या पोराला विचारलं, "पापड-कुरडया वाळत घालायला गच्ची उघडी असते का?" तो म्हणाला, गच्चीवर सोलर आहे आणि कुलूप आहे. तिनं पर्स उचलली.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या जुन्या वन बीएचकेच्या गच्चीला कुलूप नाही, असं आता घरी परतल्यापासून चाललंय.

आनंदनगर_नाका

एवढंच ना? आईंना सांगा, आमच्या इमारतीत सातव्या मजल्यावर रेफ्युज एरिया आहे, मोकळा, ऊन भरपूर. मार्चमध्ये तिथे पाच घरांच्या कुरडया असतात. वॉचमनला वाटीभर द्यायच्या.

हिशेबनीस

अहो, ती जागा आगीच्या वेळी लोकांनी थांबायला मोकळी ठेवायची असते! तिथे काही ठेवता येत नाही!

आनंदनगर_नाका

वाळल्या की उचलतो ना.