जुनी थकबाकी वसुली एजन्सीकडे गेली आहे, उत्पन्न तुटपुंजं आहे. तडजोड कशी करावी?

प्रश्न

दोन बिनतारण कर्जं बरीच वर्षं थकलेली आहेत, एक क्रेडिट कार्डाचं आणि एक वैयक्तिक. दोन्हींसाठी आता वेगवेगळ्या वसुली एजन्सींचे फोन येतात. उत्पन्न ठरलेलं आहे. खर्च भागवून शंभरातले जेमतेम आठ उरतात. दोघांचंही म्हणणं एकच: "आज थोडे तरी भरा, बाकीचं नंतर बघू." असे थोडे भरावेत का? एकरकमी तडजोडीला किती टक्क्यांपासून सुरुवात करावी? आणि दोघांना थोडंथोडं द्यावं की एक आधी मिटवावं?

प्रतिसाद १

"थोडे तरी भरा" याला तूर्त नाही म्हणा. आधी शेवटचा हप्ता कोणत्या तारखेला गेला होता ते जुन्या बँक उताऱ्यात शोधा. दावा लावायची मुदत (ती संपली की कोर्टातून वसुली मागता येत नाही) साधारण थकबाकी सुरू झाल्यापासून मोजतात आणि ती देशागणिक वेगळी असते. भारतात अशा कर्जाला ३ वर्षं, इंग्लंडमध्ये ६, स्कॉटलंडमध्ये ५, अमेरिकेत राज्यानुसार, बहुतेक ठिकाणी ३ ते ६. कर्ज जिथलं असेल तिथला कायदा बघा.

मुदत संपायच्या आत थोडी रक्कम भरली किंवा "हो, मी देणं लागतो" असं लिहून दिलं, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. त्या "थोडे तरी"मागचं एक कारण हेच. मुदत संपल्यावर मात्र नियम बदलतात. इंग्लंडमध्ये संपलेली मुदत पैसे भरून परत जिवंत होत नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांत होते. भारतात नुसत्या कबुलीने होत नाही, पण सही करून "मी फेडीन" असं लेखी वचन दिलं तर करार कायद्याच्या कलम २५(३) खाली तो नवा करार धरला जातो. म्हणून एजन्सीने पाठवलेल्या छापील अर्जावर सही करण्याआधी दोनदा वाचा. "तुमच्या सोयीसाठी नवा हप्ता-आराखडा" अशा गोड मथळ्याखाली हेच वचन असू शकतं.

मुदतबाह्य झालं म्हणजे समन्स फाडून टाकायचं, असा अर्थ काढू नका. हजर न राहिल्यास एकतर्फी हुकूमनामा (तुमची बाजू न ऐकताच कोर्टाचा निकाल) होऊ शकतो आणि मग मुदतीचा चांगला मुद्दा हाताशी असून उपयोग राहत नाही. तारखेला जा, मुदतीचा मुद्दा लेखी मांडा.

दुसरं काम म्हणजे एजन्सीकडून लेखी तपशील मागवणं: मूळ धनको (कर्ज देणारी बँक किंवा संस्था) कोण, मुद्दल किती, व्याज किती, दंड किती, आणि एजन्सी फक्त वसुलीचं काम करते की कर्ज तिने विकत घेतलं आहे. विकत घेतलं असेल तर हस्तांतराचा कागद मागा. अमेरिकेत एजन्सीने पहिल्या संपर्कानंतर ५ दिवसांत हा तपशील द्यावा लागतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी हरकत घेतली, तर खुलासा येईपर्यंत वसुली थांबते. पत्रात "माझं कर्ज" लिहू नका, "आपण ज्याची मागणी करता ते खातं" असं लिहा.

प्रतिसाद २

टक्क्यांबद्दल. ठरलेला दर नसतो, पण हिशेब मुद्दलावर करा, फुगलेल्या आकड्यावर नको. चार वर्षांच्या दंडव्याजासकट एक लाखाचे अडीच लाख झाले असतील, तर "पन्नास टक्के सूट" म्हणजे सव्वा लाख, मुद्दलापेक्षा जास्तच! कर्ज विकत घेणाऱ्याने ते दर्शनी रकमेपेक्षा बरंच स्वस्तात घेतलेलं असतं, त्यामुळे त्याला खाली यायला जागा असते. नुसता एजंट असेल तर सूट द्यायचा अधिकार त्याचा नाही, धनकोचा. त्याच्या तोंडी कबुलीला काडीची किंमत नाही.

थोडंथोडं दोघांना देऊ नका. त्यात दोन्ही व्याजात जिरतं आणि तडजोडीला लागणारी रक्कम कधी जमतच नाही. महिन्याचं उत्पन्न १०० धरू, लहान कर्जाचं मुद्दल १५०, मोठ्याचं ४००. उरलेल्या ८ पैकी ३ अडीअडचणीला ठेवा, ५ वेगळ्या खात्यात. दहा महिन्यांत ५० जमतात. तेव्हा लहान कर्जाला ३० पासून बोली सुरू करा, मग ४०, ४५, ४८. वाढ दर वेळी कमी होत गेली की समोरच्याला कळतं की पिशवी रिकामी होत आली. ५० जमलेत हे मात्र सांगू नका. महिनाअखेर किंवा तिमाहीअखेर, लक्ष्य गाठायची घाई असते तेव्हा बोलणं सोपं जातं.

एक अपवाद: मोठ्या कर्जाची मुदत संपायला आली असेल आणि दाव्याची नोटीस आली असेल, तर आधी तिकडे लक्ष द्या.

पैसे जाण्याआधी धनकोच्या लेटरहेडवर पत्र हवं. त्यात खाते क्रमांक, रक्कम आकड्यात व अक्षरी, भरण्याची शेवटची तारीख, "पूर्ण व अंतिम तडजोड" हे शब्द, आणि उरलेली रक्कम मागणार किंवा विकणार नाही असं स्पष्ट वाक्य. रक्कम धनकोच्या कर्जखात्यातच भरा, एजंटच्या खासगी खात्यात नव्हे. शेवटच्या तारखेच्या दोन-तीन कामाचे दिवस आधी भरा, कारण एक दिवस उशीर झाला की पत्र रद्द आणि भरलेले पैसे व्याजात जमा.

प्रतिसाद ३

वरच्यात भर. खात्यातून आपोआप पैसे काढायची परवानगी एजन्सीला देऊ नका, जुनी असेल तर बँकेत जाऊन लेखी रद्द करा. ज्या बँकेचं देणं आहे तिथेच निवृत्तिवेतन जमा होत असेल तर ते दुसऱ्या बँकेत हलवा. बँक स्वतःची थकबाकी ठेवीतून वळती करून घेऊ शकते, कोर्टाची पायरी न चढता. भारतात सरकारी निवृत्तिवेतनाला आणि भविष्य निर्वाह निधीला जप्तीपासून संरक्षण आहे. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी (तिथलं सरकारी निवृत्तिवेतन) थेट खात्यात येत असेल, तर सामान्य धनकोच्या जप्तीवेळी दोन महिन्यांइतकी रक्कम बँकेने स्वतःहून वगळायची असते.

तगाद्याचे तासही ठरलेले आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या परिपत्रकानुसार सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन चालत नाही. अमेरिकेत ही वेळ सकाळी ८ ते रात्री ९ आहे. फोनची तारीख, वेळ, नंबर वहीत लिहीत जा. तक्रारीला तेच लागतं. भारतात आधी बँकेकडे, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

प्रश्नकर्ता

तडजोडीनंतर क्रेडिट रिपोर्टमध्ये काय दिसतं?

प्रतिसाद २

भारतात "सेटल्ड" (तडजोडीने मिटवलं), पूर्ण फेडलं तरच "क्लोज्ड". नवीन कर्ज देणारा या दोन्हींत फरक करतो. पण तुमच्या उत्पन्नात नवीन कर्ज घ्यायचंच नसेल तर या एका शब्दासाठी दुप्पट रक्कम भरू नका. अमेरिकेत नोंद पहिल्या थकबाकीपासून ७ वर्षांनी जाते, मधे पैसे भरले म्हणून ती मुदत वाढत नाही. मात्र तिथे माफ झालेली रक्कम करपात्र उत्पन्न धरली जाऊ शकते, आणि ६०० डॉलर किंवा जास्त माफ झाले तर धनको ते कर खात्याला कळवतो. देणी मालमत्तेपेक्षा जास्त असतील तर कर विवरणपत्रासोबत फॉर्म ९८२ भरून या करातून सूट मागता येते.

पैसे भरल्यावर नो ड्यूज (काही देणं बाकी नाही असं) पत्र मागा आणि दोनेक महिन्यांनी रिपोर्ट काढून बघा. बाकी शून्य दिसत नसेल तर तडजोडीचं पत्र आणि पावती जोडून दुरुस्ती मागा. ही दोन कागदं फेकू नका. उरलेली बाकी चुकून दुसऱ्या एजन्सीला विकली गेली, तर नव्या फोनला द्यायला तेवढंच हातात असतं.